नेहमीचंच जेवण

“येत्या रविवारी बारा वाजता पोचतो,” तोशिओ-सान फोनवर म्हणाले. “आईला सांगा, खास काही करायचं नाही. नेहमीचंच जेवण. भात, मिसोचं सार, मुळा. मी लहान असताना करायची तेच.”

“सांगतो.”

“आणि मागुदोमु-सान, स्वयंपाक तिचा तिला करू द्या. तुम्ही मदतीला जाऊ नका. मला बघायचंय.”

काय बघायचंय ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. फोन ठेवून वळलो तर आजी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात पळी होती आणि पळीतून पाणी ठिबकत होतं.

“तोशिओ ना? मला न्यायला येतोय.”

“जेवायला येताहेत, आजी.”

“तेच ते,” ती म्हणाली आणि आत गेली.

या गोष्टीला आता वीस-बावीस वर्षं होऊन गेली. मी इचलकरंजीचा, जिनेंद्र मगदूम. आमच्याकडे आजोबांपासून माग. गावातले साधे माग भंगारात जाऊन हवेच्या झोतावर धागा फेकणारे जपानी माग यायला लागले, तेव्हा ते उघडून दुरुस्त करू शकेल असा माणूस जवळपास कुणी नव्हता. म्हणून मी सहा महिने पुण्यात जपानी शिकलो आणि दोन वर्षांसाठी तिकडच्या एका कारखान्यात शिकाऊ म्हणून गेलो. जपानच्या पश्चिम किनाऱ्याकडे, कानाझावापासून तासाभराच्या अंतरावर, डोंगराच्या पायथ्याशी ते लहानसं गाव होतं. माझं वय सत्तावीस, लग्न व्हायचं होतं, आणि स्वयंपाकघरात मी तोवर फक्त पाणी प्यायला जात होतो.

आम्ही जैन. मांस, मासे, अंडं आमच्या घरात कधी आलं नाही; कंदमुळं मात्र चालायची. पहिले तीन आठवडे मी कारखान्याच्या वसतिगृहात काढले. आठ जणांत एक स्वयंपाकघर, आणि तिथल्या प्रत्येक पातेल्याला माशाचा वास. भाजीचा रस्सा करायचा तरी ते लोक आधी सुकवलेल्या माशाचा कीस उकळून पाणी काढतात. मी भात, मीठ आणि आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी यांवर जगत होतो. चटणी संपली तेव्हा आमच्या फोरमनला माझी दया आली असावी. तो मला किनु कितामुरा नावाच्या बाईंकडे घेऊन गेला. वय एकोणऐंशी, नवरा वारलेला, मुलगा ओसाकाला, वरच्या मजल्यावरची खोली रिकामी. जपानीत नावापुढे आदरानं सान लावतात, आणि आजीला ओबाआसान म्हणतात. मी तिला तसंच म्हणायचो, पण सांगताना माझ्या तोंडात आजीच येतं.

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“मासा खात नाही? अजिबात?”

“अजिबात नाही.”

“मग देवळातल्या भिक्षूंसारखं वाढते तुला. नाव काय?”

“मगदूम.”

“मागुदोमु. फार लांब आहे. मागु म्हणते.”

मला हसू आलं. आमच्या भाषेत माग म्हणजे काय ते मी तिला हातवारे करून सांगितलं. ती चौदाव्या वर्षापासून गावातल्या रेशमाच्या गिरणीत विणायला होती. ती म्हणाली, “म्हणजे पन्नास वर्षं मी तुझ्याच पुढ्यात बसले होते म्हणायची!”

सामान आणायला मी वसतिगृहात गेलो, तेव्हा ओसाकाहून तिच्या मुलाचा, तोशिओ-सान यांचा फोन आला. आईच्या घरी कोण राहायला येतंय ते त्यांना बघायचं होतं. चार गोष्टी विचारल्यावर ते म्हणाले, “तिचं वय झालंय. मला इथून काही दिसत नाही. काही वेगळं वाटलं तर मला कळवाल?” मी कळवीन म्हणालो. त्यांनी नंबर दिला तो मी तिच्या फोनशेजारी भिंतीवर चिकटवला.

त्या घरात मी स्वयंपाक शिकलो. समुद्रातल्या एका वनस्पतीची वाळवलेली जाड पट्टी मिळते, तिला कोंबु म्हणतात. ती रात्री पाण्यात टाकायची आणि सकाळी पाणी उकळी फुटण्याआधीच उतरवायचं. त्या पाण्यात मिसो, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला खारट लगदा, गाळण्यातून पळीनं फिरवून सोडायचा. एकदा मिसो पडला की उकळायचं नाही. मी एकदा उकळू दिलं तर तिनं सगळं सार मोरीत ओतलं आणि मला पुन्हा पहिल्यापासून करायला लावलं. हाताच्या दंडाएवढा पांढरा मुळा जाड चकत्या करून आधी तांदळाच्या धुवणात शिजवायचा, म्हणजे त्याचा उग्रपणा जातो. पालक उकडून, पिळून, भाजलेल्या तिळाच्या कुटात घोळवायचा. तीळ कुटायचं तिचं मातीचं भांडं आतून रेघारेघांचं होतं. मी तीळ कुटायला बसलो की तो वास थेट आमच्या घरच्या संक्रांतीपर्यंत जायचा. भात ती जड झाकणाच्या पातेल्यात गॅसवरच करायची. विजेचा कुकर मुलानं घेऊन दिला होता, तो खोक्यातून बाहेरही निघाला नव्हता.

माझ्यासाठी ती सगळं कोंबुच्या पाण्यात करायची आणि स्वतःही तेच खायची. “दोन पातेली कोण घासणार?” म्हणायची. रोज सकाळी मी निघताना माझा डबा कापडात बांधून दारात ठेवलेला असायचा. भात, मधोमध खारवलेलं लाल आलुबुखार, कडेला मुळा.

हे वर्षभर चाललं. मग उन्हाळ्याच्या शेवटी एक दिवस फ्रीज उघडला तर आत टोफूच्या सात वड्या, सात वाडग्यांत पाणी घालून ठेवलेल्या. टोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर. मी विचारलं तर म्हणाली, घरात टोफू नव्हता म्हणून घेऊन आले. दुसऱ्या दिवशी आठवी वडी आली. त्यानंतर सार कधी नुसतंच गरम पाणी असायचं, तर कधी इतकं खारट की जीभ भाजावी. मी ते मुकाट्यानं प्यायचो. मग मी कामावरून लवकर यायला लागलो, आणि आल्या आल्या म्हणायचो, “आजी, आज मी करतो, तुम्ही बघा मला जमतंय का.” तिला शिकवायला आवडायचं. शिकवताना तिचं कधी काही चुकत नसे. हात चुकायचे, पण तोंडानं सांगताना एकेक गोष्ट जागच्या जागी.

भिंतीवरचा नंबर मी रोज बघत होतो. फोन केला नाही.

तोशिओ-सान यायचे त्याच्या आदल्या दिवशी, नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी, आजीनं एकटीनं स्वयंपाक करून बघायचं ठरवलं. मला तिनं वर जायला सांगितलं. तासाभरानं जळका वास आला म्हणून मी धावत खाली आलो. मुळा पातेल्याच्या बुडाला चिकटून काळा झाला होता. आजी पातेल्यासमोरच उभी होती आणि त्याच्याकडे बघत होती.

मी गॅस बंद केला.

“मला वास येत नाही,” ती म्हणाली. “कधीपासून येत नाही, ते पण आठवत नाही.”

“उद्या नीट होईल.”

“होणार नाही.” ती स्टुलावर बसली. “मागु, मी वेडी नाही. माझं काय होतंय ते मला कळतं. थोड्या वेळानं कळेनासं होतं, पण आत्ता कळतंय. तो मला ओसाकाला नेईल. तिथे एक वृद्धाश्रम आहे, त्याचं पत्रक मला पाठवलंय. तिसरा मजला, खिडकी उघडत नाही. जेवण गाडीवरून येतं, सगळ्यांना एकच.” तिनं हातातलं फडकं घडी घालून मांडीवर ठेवलं. “उद्या तू कर. मी म्हणेन मी केलं.”

“त्यांना कळेल, आजी.”

“तुला मीच शिकवलंय. कसं कळेल?” ती उठली आणि वरच्या फळीवरून एक जुना डबा काढून माझ्यासमोर ठेवला. “फक्त सार याचं करायचं. कोंबुचं केलंस तर पहिल्या घोटाला कळेल त्याला.”

डब्यात सुकवलेल्या माशाचा कीस होता. वर्षभरात त्या घरात तो डबा उघडलेला मी पाहिला नव्हता.

मी नाही म्हणू शकलो असतो. फोन दोन पावलांवर होता. मी म्हणालो, “किती घालायचं?”

रविवारी सकाळी पाऊस झिमझिमत होता. नऊला मी सुरुवात केली. आजी स्टुलावर बसून सांगत होती आणि मी करत होतो. तांदूळ तिनं धुतले, तेवढं तिला नीट जमत होतं. मुळा मी कापला, कडा तासल्या. तीळ कुटले. मग पाणी तापवून त्यात त्या गुलाबीसर किसाची मूठ सोडली. वास आला तसं मी खिडकीकडे तोंड करून श्वास घेतला, गाळलं, मिसो सोडला.

“चव बघ,” आजी म्हणाली.

“तुम्ही बघा ना.”

“माझ्या जिभेवर काय भरवसा? तूच बघायला पाहिजे.”

मी चमचा हातात धरून उभा राहिलो. आईचा चेहरा डोळ्यांसमोर आला नाही, मुनिमहाराज आठवले नाहीत, तसलं काही झालं नाही. एवढंच वाटलं, की हे खारट निघालं तर म्हातारी गेली. मी चमचा तोंडात घातला. माझं तोंड कसं झालं असेल कोण जाणे, आजी हसायला लागली. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “लहान बाळ कडू औषध दिल्यावर असंच करतं,” म्हणाली. मी पण हसलो. आणखी थोडा मिसो लागत होता, तो घातला आणि पुन्हा चव बघितली. आता बरोबर होतं. नंतर मी मोरीवर चार वेळा चूळ भरली. माझ्या आईला हे मी तिच्या शेवटापर्यंत सांगितलं नाही.

पावणेबाराला आजीला एप्रन बांधून मी वर गेलो. बाराला बेल वाजली. खालून हाक आली तेव्हा मी नुकताच उठल्यासारखा जिना उतरलो.

तोशिओ-सान बावन्न वर्षांचे, शिडशिडीत, चष्मा लावणारे गृहस्थ. बोलायला मऊ. एका बुटक्या टेबलाशी आम्ही तिघं जमिनीवर बसलो. आजीनं वाढलं. सांडलं काही नाही. त्यांनी साराचा वाडगा दोन्ही हातांनी उचलून एक घोट घेतला. मी त्यांच्या गळ्याकडे बघत होतो.

“छान झालंय,” ते म्हणाले.

मग मुळा खाल्ला. “आई, हा इतका मऊ कसा होतो गं? आमच्याकडे होत नाही.”

“तांदळाचं धुवण टाकून देत असाल,” आजी लगेच म्हणाली. “त्यात शिजवायचा. आणि कडा तासायच्या, नाही तर चकत्या एकमेकींवर घासून फुटतात. तुझ्या बायकोला मी दोनदा सांगितलंय.”

तोशिओ-सान हसले. त्यांनी विचारलं, आज वार कुठला? रविवार, ती म्हणाली, रविवार नसता तर तू आला असतास का? महिना विचारला, तोही बरोबर सांगितला. आम्ही सकाळी पाच वेळा घोकला होता.

मग आजीनं चौथा वाडगा उचलला, त्यात भात वाढला आणि दाराकडे बघून म्हणाली, “तोशिओ, बाबांना हाक मार. गार होतंय. गिरणीतून येऊन केव्हाचे बाहेर बसलेत.”

तोशिओ-सान यांच्या जेवायच्या काड्या हातातच राहिल्या. त्यांचे वडील जाऊन अकरा वर्षं झाली होती.

मी उठलो. मी काय करतोय हे मला पूर्ण कळत होतं. आजीच्या हातातला वाडगा घेतला, शेजारच्या खोलीतल्या लाकडी देव्हाऱ्यापाशी गेलो आणि तिच्या नवऱ्याच्या फोटोपुढे ठेवला. तिथे घरोघरी पहिला भात गेलेल्या माणसाला दाखवतात. हात जोडून मी परत आलो आणि म्हणालो, “आज राहिलंच होतं. आजी रोज असंच म्हणतात, बाबांना हाक मार. आम्हा दोघांची सवयच झालीय.”

आजी माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “हो. सवय झालीय.”

तोशिओ-सान यांनी चष्मा काढून रुमालानं पुसला. खूप वेळ पुसला. मग तो लावून ते जेवायला लागले, आणि वाडग्यातलं शेवटचं शीत संपेपर्यंत मान वर केली नाही.

निघताना दारात बूट घालता घालता ते मला म्हणाले, “ठीक वाटतेय. हिवाळा इथेच काढू दे. वसंतात बघू. तुम्ही आहात, म्हणून सोडून जातोय.”

“हो,” मी म्हणालो.

“काही वेगळं वाटलं तर—”

“कळवतो.”

डिसेंबरच्या मध्यावर बर्फ सुरू झाला. आजी झपाट्यानं उतरत गेली. मुलगा येऊन गेला हेच ती विसरली आणि “तोशिओ येणार आहे ना, काय करायचं?” असं रोज विचारायला लागली. मी रोज सांगायचो, नेहमीचंच करायचं. स्वयंपाक आता सगळा मीच करत होतो. एकदा दुपारी तिनं रिकामं पातेलं गॅसवर ठेवलं आणि ते लाल होईपर्यंत विसरली. तेव्हापासून सकाळी निघताना मी गॅसची मुख्य चावी बंद करायला लागलो. ओट्याखाली अगदी मागे होती ती, तिला तेवढं वाकता यायचं नाही. तिचं दुपारचं जेवण झाकून ठेवायचं, माझा डबा मीच भरायचा, आणि निघायचं. वाटायचं, जमतंय. तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे. वसंतात बघू.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात सलग दोन दिवस बर्फ पडला. तिसऱ्या दिवशी सकाळी उघडलं. मी फावड्यानं दारापुढची वाट काढली, चावी बंद केली, डबा घेतला आणि कामाला गेलो. सहाला परत आलो तर पुढचं दार हातभर उघडं. दुपारी पुन्हा पडलेला बर्फ दारातल्या पायरीवर साचलेला. आजीचे बूट जागेवर होते. घरात घालायच्या सपाता नव्हत्या.

समोरच्या घरातल्या बाई म्हणाल्या, त्यांनी तिला अकराच्या सुमाराला पाहिलं होतं. अंगात कोट होता, हातात कापडात बांधलेला डबा. कुठे निघालात विचारलं तर म्हणाली, “मागु डबा विसरलाय, गिरणीत देऊन येते.” बर्फात तिच्या पायांकडे बाईंचं लक्ष गेलं नाही, आणि बोलण्यात काही वावगं वाटलं नाही. “त्या तर अगदी ठणठणीत होत्या ना?” त्या मला विचारत होत्या. “तुम्हीच तर म्हणायचात.”

पोलीस आले. गावातले लोक बॅटऱ्या घेऊन निघाले. मला म्हणाले, तुम्ही घरात थांबा, परत आल्या तर कुणीतरी हवं. मी ओसाकाचा नंबर फिरवला. भिंतीवर बघावं लागलं नाही, पाठ झाला होता.

ती उजाडल्यावर सापडली. जुन्या रेशमाच्या गिरणीची जागा आता गाड्या लावायचं मैदान झालं आहे, त्याच्या मागच्या बाजूला गावातला बर्फ वाहून नेणारा कालवा आहे. त्यात पडली होती. पाणी गुडघाभर, पण बर्फाचं. डबा काठावर होता. गाठ सुटलेली नव्हती.

ओळख पटवायला म्हणून पोलिसानं तो डबा माझ्यासमोर टेबलावर उघडला. आत तांदूळ होते. स्वच्छ धुतलेले, निथळलेले, कच्चे. डब्याच्या कडेपर्यंत हातानं सपाट दाबलेले, आणि मधोमध ते लाल आलुबुखार.

“हे तुमच्यासाठी होतं?” पोलिसानं विचारलं.

मी हो म्हणालो.

तोशिओ-सान दुपारी पोचले. दोन दिवस विधी चालले. शेवटी अस्थी मोठ्या काड्यांनी उचलून कलशात ठेवायच्या असतात. त्यांनी मलाही बोलावून हातात काड्या दिल्या. नातेवाईक गेल्यावर आम्ही दोघंच स्वयंपाकघरात उरलो. खिडकीबाहेर छपरावरचा बर्फ वितळून टपटप गळत होता. ते आजीच्या स्टुलावर बसले होते. मी ओट्याला टेकून उभा होतो.

“मला तुम्हाला सांगायचंय,” मी म्हणालो. “त्या रविवारी स्वयंपाक मी केला होता. सगळा.”

“माहीत आहे.”

मला वाटलं, माझी भाषा त्यांना नीट कळली नाही. मी पुन्हा सांगितलं.

“कळलं मला,” ते म्हणाले. “त्या दिवशी मी साडेदहालाच आलो होतो. एक गाडी आधीची पकडली. मुद्दाम. मागच्या अंगणातून आलो. या खिडकीतून तुम्ही दोघं दिसलात. तुम्ही गॅसपाशी, आई इथे, या स्टुलावर, हात मांडीवर ठेवून. तुम्ही चमच्यानं काहीतरी चाखलंत आणि तुमचं तोंड असं झालं, की आई हसायला लागली. मी तिला तशी हसताना किती वर्षांत बघितली नव्हती.”

“मग तुम्ही आत का नाही आलात?”

त्यांनी खिडकीकडे मान वळवली.

“ती हसत होती म्हणून नाही आलो, असं मी दोन महिने स्वतःला सांगतोय. ते खोटं नाही. पण आत आलो असतो तर तिला त्याच दिवशी घेऊन जावं लागलं असतं. आश्रमात जागा मिळायला वर्ष लागणार होतं. आमचं घर दोन खोल्यांचं. बायको म्हणाली होती, तुमची आई आली तर मी माहेरी जाते. मी परत स्टेशनवर गेलो. बाकावर बसून बारा वाजायची वाट बघितली. आणि तुम्ही तो भात बाबांच्या फोटोपुढे ठेवलात, तेव्हा मनात म्हटलं, हा माणूस इतकं सगळं करतोय. करू दे. मी काही पाहिलं नाही.”

नळाचं पाणी थेंब थेंब पडत होतं. मी नळ घट्ट केला.

“गॅसची चावी मी बंद करायचो,” मी म्हणालो. “सकाळी निघताना. त्या दिवशी पण केली होती. तिला भात शिजवता आला नसता.”

“शिजवता आला असता तरी ती निघालीच असती.”

“माहीत नाही.”

“नाही,” ते म्हणाले. “माहीत नाही.”

मला थांबवेना. “तुमच्या आईसाठी केलं, असं मी म्हणत होतो. तिनं गळ घातली म्हणून केलं, असं. पण तिला नेलं असतं तर मला वसतिगृहात जावं लागलं असतं. ते माशाचे वास, ते आठ जण. या देशात माझ्यासाठी वेगळं शिजवणारं दुसरं कुणी नव्हतं. मी फोन केला नाही, कारण मला हे घर सोडायचं नव्हतं. ऑगस्टपासून मला सगळं दिसत होतं, तोशिओ-सान. ऑगस्टपासून.”

आता ते उठतील आणि माझ्या थोबाडीत मारतील असं मला वाटलं. खरं तर मी त्याचीच वाट बघत होतो. ते उठले. कोट सारखा केला. दोन्ही हात मांड्यांशी सरळ धरून, कमरेत वाकले, इतके खाली की त्यांच्या डोक्यावरचं टक्कल मला दिसलं.

“माझ्या आईला शेवटपर्यंत गरम जेवण घातलंत,” जमिनीकडे बघत ते म्हणाले. “आभारी आहे.”

तिकडची रीत अशी, की समोरचा वाकला तर आपणही वाकायचं, आणि तो वर येईपर्यंत आपण वर यायचं नाही. मी वाकलो. माझ्यापुढे स्वयंपाकघराची फरशी होती आणि त्यांच्या पायांतले काळे मोजे. ते वर येईनात. मी पण येईना. बाहेर छपरावरून बर्फाचा एक मोठा थर सरकून धप्पकन अंगणात पडला, घर हादरलं, तरी आम्ही दोघं तसेच वाकून उभे होतो, आधी तोंड वर कुणी करायचं ते न कळून.